नोकरी करणारी स्त्री आणि कायद्याचे दार

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत लातूर येथे एका महिला विधिज्ञांनी दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गौरवाचे चार शब्द बोलावेत, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याविषयी मला मनापासून आदर आहे आणि तो माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्याहून चांगल्या शब्दांत व्यक्त केला आहे. कार्यवाहांनी मला विषय विचारला, तेव्हा 'नोकरीच्या ठिकाणी होणारा स्त्रियांचा छळ व कायदा' असे मी सांगितले. ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "वकीलताई, विषय अवघड आहे, पण आपल्याकडे चाळीसेक भगिनी नोकरीला आहेत, त्यांना उपयोग होईल." त्यांना उपयोग व्हावाच. तथापि, मी आज जे बोलणार आहे ते त्या भगिनींपेक्षा पुढच्या रांगेत बसलेल्या व्यापारी आणि विश्वस्त मंडळींसाठी अधिक आहे, हे आरंभीच सांगते.

गेली तीसहून अधिक वर्षे मी लातूर व नांदेड येथील न्यायालयांत वकिली करते. या काळात छळाची तक्रार घेऊन माझ्याकडे ज्या स्त्रिया आल्या, त्यांपैकी एकीनेही 'कायदा काय म्हणतो?' असे प्रथम विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न एकच असे : 'हे मी कुणाला सांगू?' कायदा आहे, तो बऱ्यापैकी चांगला आहे. पण त्याचे दार कोठे आहे हे जिला हवे तिलाच ठाऊक नसते. आणि लातूर-नांदेडसारख्या व्यापारी गावांत हे दार मुंबई-पुण्याच्या दारापेक्षा वेगळे आहे. माझे आजचे बोलणे मुख्यतः एवढ्यापुरतेच आहे.

हा कायदा आला कोठून, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. राजस्थानातील भटेरी या खेड्यात भंवरी देवी नावाची एक स्त्री राज्य शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करीत होती. एक वर्षाच्याही नसलेल्या मुलीचे लग्न रोखण्याचा तिने प्रयत्न केला, कारण ते तिचे काम होते. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. परंतु त्या प्रकरणाने एक वेगळाच प्रश्न उभा केला होता. नोकरीचे कर्तव्य बजावताना स्त्रीवर जे ओढवते, त्याची जबाबदारी तिला कामावर ठेवणाऱ्याची आहे की नाही? 'विशाखा' व इतर संघटनांनी तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल आला. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत सरन्यायाधीश जे. एस. वर्मा व न्या. बी. एन. किरपाल यांच्यासह न्या. सुजाता मनोहर होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. संसदेचा कायदा होईपर्यंत प्रत्येक मालकाने तक्रार समिती नेमावी, तिच्या अध्यक्षपदी स्त्री असावी, बाहेरची एक जाणकार व्यक्ती समितीत असावी, ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने घालून दिली. समानतेचा, व्यवसायाचा आणि सन्मानाने जगण्याचा घटनादत्त अधिकार हा त्यांचा आधार होता.

तत्त्वे आली, समित्या मात्र आल्या नाहीत. येथे एका मराठी स्त्रीचे नाव घेणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या प्रांतात तिचे काम फारसे कोणी सांगत नाही. पुण्याच्या 'आलोचना' या संस्थेच्या डॉ. मेधा कोतवाल-लेले यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या तक्रारींचे दाखले देऊन सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले की, विशाखा निकाल कागदावरच राहिला आहे. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली. १९९९ सालचा क्रमांक असलेली ही याचिका २०१२ पर्यंत चालली.

या लढ्यातून निघालेला एक आदेश वरवर तांत्रिक वाटतो, पण त्याचे महत्त्व ज्याने चौकशी जवळून पाहिली आहे त्यालाच कळेल. पूर्वी काय होत असे? स्त्री समितीपुढे सर्व काही सांगत असे. उलटतपासणी होई, समिती अहवाल देई. मग खाते म्हणे, हा तर केवळ प्राथमिक अहवाल. शिस्तभंगाची खरी चौकशी आता सुरू होईल. म्हणजे तेच सारे पुन्हा, नव्या अधिकाऱ्यापुढे, बहुधा पुरुष अधिकाऱ्यापुढे सांगावयाचे. पुष्कळ स्त्रिया येथेच माघार घेत. २६ एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, तक्रार समिती हीच चौकशी अधिकारी मानली जाईल आणि तिचा अहवाल हाच शिस्तभंग चौकशीचा अहवाल समजला जाईल. एकदा सांगितले की पुरे. १९ ऑक्टोबर २०१२ च्या अंतिम निकालात न्यायालयाने, पंधरा वर्षे उलटूनही अंमलबजावणी झाली नाही याबद्दल खंत व्यक्त करून, राज्यांना सेवानियम दुरुस्त करण्यास मुदत घालून दिली. पुढे २०१३ साली संसदेने कायदा केला व तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला.

आता आपल्या गावांकडे येऊ.

कायदा सांगतो की, ज्या ठिकाणी दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे मालकाने लेखी आदेशाने 'अंतर्गत समिती' नेमावी. तिची अध्यक्ष त्या ठिकाणची वरिष्ठ स्त्री कर्मचारी असावी, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतून घ्यावेत, एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतील असावा आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. बँका, महाविद्यालये, विमा कंपन्या, मोठी रुग्णालये यांच्यासाठी ही तरतूद आहे. परंतु गंजगोलाईभोवतीच्या बाजारपेठांतून एक फेरी मारा. नांदेडच्या वजिराबादेत किंवा डॉक्टर लेनमध्ये फिरून या. कापडाचे दुकान : मालक, त्याचा भाऊ, चार नोकर, त्यांत दोन मुली. अडत दुकान : दिवाणजी, दोन हमाल, संगणकावर हिशेब लिहिणारी एक मुलगी. दातांचा दवाखाना : डॉक्टर, एक मदतनीस, एक स्वागतिका. झेरॉक्सचे दुकान, औषधाचे दुकान, वकिलाचे कार्यालयसुद्धा. माझ्याही कार्यालयात आम्ही पाचच जण आहोत. आपल्याकडील नोकरदार स्त्रियांचा फार मोठा भाग अशा दहाहून कमी माणसांच्या जागी काम करतो. तेथे अंतर्गत समिती असणारच नाही. आणि जिथे मालकच तक्रारीचा विषय असेल, तिथे तिचा उपयोगही नाही.

अशांसाठी कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात 'स्थानिक समिती' ठेवली आहे. शासनाने अधिसूचित केलेला जिल्हा अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी यांपैकी कोणी, ती नेमतो. अध्यक्षा सामाजिक कार्यात नाव असलेली स्त्री असते. याखेरीज प्रत्येक तालुक्यात व शहराच्या प्रभागात एक समन्वय अधिकारी नेमावयाचा असतो. त्याच्याकडे तक्रार दिली तरी त्याने ती सात दिवसांत समितीकडे पोचवली पाहिजे. म्हणजे किनवटच्या किंवा निलंग्याच्या मुलीने जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावेत अशी कायद्याची अपेक्षा नाही. आता प्रामाणिकपणे सांगा, या सभागृहातील किती जणांना आपल्या तालुक्याचा हा अधिकारी कोण हे माहीत आहे? हात वर करू नका, मला उत्तर दिसते आहे.

एक अनुभव सांगते. गाव सांगत नाही, दुकान सांगत नाही. मराठवाड्यातील एक जिल्ह्याचे ठिकाण एवढेच समजा. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक मुलगी एका पेढीत हिशेबनीस होती. सहा माणसांची पेढी. मालकाचा धाकटा भाऊ संध्याकाळी हिशेब तपासण्याच्या निमित्ताने थांबवून घेई. आधी बोलणे, मग निरोप, मग खुर्चीच्या मागे येऊन उभे राहणे. तिने घरी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर नोकरी सुटली असती आणि धाकट्या भावाच्या शिकवणीचे शुल्क तिच्या पगारातून जात होते. तिने मालकाच्या पत्नीला सांगितले. त्या बाईंनी ऐकून घेतले, डोळ्यांत पाणी आणले आणि म्हणाल्या, "तू उद्यापासून पाचलाच निघत जा." पाचला निघू लागली म्हणून दुसऱ्या महिन्यात पगार कापला गेला. तिसऱ्या महिन्यात हिशेबात चूक काढून तिला कामावरून कमी केले. ती माझ्याकडे आली तेव्हा शेवटच्या घटनेला साडेचार महिने झाले होते.

येथे कायद्याचा एक काटेरी भाग लक्षात घ्यावा लागतो. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. विलंबाला सबळ कारण असेल तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. त्यापुढे नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात, सहा महिन्यांची ही सीमा ओलांडली म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. मात्र या निकालाची नोंद संबंधित कुलगुरूंच्या परिचयपत्रात कायम राहावी असा आदेश दिला. म्हणजे दिवस मोजले जातात. आमच्या मुलीकडे दीड महिना उरला होता.

आम्ही अर्ज घेऊन त्या जिल्ह्याच्या संबंधित कार्यालयात गेलो. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. समितीची जी यादी भिंतीवर होती तिच्यातील एका सदस्याची बदली होऊन दोन वर्षे झाली होती आणि एक भगिनी दिवंगत झाल्या होत्या. एका लिपिकाने सद्भावनेनेच सुचवले, "ताई, पोलिसांत का देत नाही?" मुदत संपायला नऊ दिवस राहिले असताना अर्जावर पोच मिळाली.

पोलिसांत देता येत नाही असे मुळीच नाही. २०१३ साली दंडसंहितेत लैंगिक छळाचे स्वतंत्र कलम आले आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ७५ म्हणून आहे. स्पर्श, शारीरिक संबंधाची मागणी किंवा इच्छेविरुद्ध अश्लील चित्र दाखवणे यांसाठी तीन वर्षांपर्यंत, तर अश्लील शेरेबाजीसाठी एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले आहेत. पण त्या मुलीला कोणाला तुरुंगात धाडावयाचे नव्हते. "मी हिशेबात चूक केली म्हणून गेले असे बाजारात सांगतात, ते खोडून द्या," एवढेच तिचे म्हणणे होते. समिती याच कामासाठी आहे. समितीपुढे वकिलाला उभे राहता येत नाही. नियमांनीच आम्हाला दाराबाहेर ठेवले आहे आणि माझा स्वार्थ बाजूला ठेवून सांगते की ते योग्य आहे. ती मुलगी एकटी आत गेली. चौकशी नव्वद दिवसांत संपवावयाची असते. तिला त्याहून अधिक काळ लागला. समितीने तिची बाजू मान्य केली, नुकसानभरपाईची शिफारस केली. मालकाने अर्धी रक्कम दिली, उरलेली देण्यास टाळाटाळ केली. अशी रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची सोय कायद्यात आहे हे त्यांना कळवल्यावर तीही आली. आज ती दुसऱ्या गावी एका सहकारी संस्थेत काम करते. ज्या बाजारात तिचे नाव खराब झाले होते, त्या बाजारात तो अहवाल मात्र कोणी वाचला नाही. गोपनीयतेमुळे तो वाचताही येत नाही. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही.

समित्या नुसत्या कागदावर असतात ही केवळ मराठवाड्याची रड नव्हे. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने थोड्या दिवसांत बैठकांमागून बैठका घेऊन घाईघाईने चौकशी उरकली आणि त्यांना बडतर्फ करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी, म्हणजे चौदा वर्षांनी, ती कारवाई रद्द केली व प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले, कारण आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी त्या प्राध्यापकांना मिळाली नव्हती. येथे बसलेल्या विश्वस्तांनी या निकालाकडे विशेष लक्ष द्यावे. समितीने घाई केली तर नुकसान आरोपीचेच होते असे नाही. चौदा वर्षांनंतर पुन्हा साक्ष देण्याची वेळ त्या विद्यार्थिनींवर येते. त्याच प्रकरणात न्यायालयाने देशभरातील समित्यांचा आढावा घेण्यास सुरुवात केली आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी आदेश दिला की, प्रत्येक जिल्ह्यात ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत जिल्हा अधिकारी व ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती नेमली गेली पाहिजे. कायदा लागू होऊन अकरा वर्षे झाल्यावर हा आदेश द्यावा लागला, यातच सर्व आले.

छळ कशाला म्हणावयाचे, याविषयी व्यापारी मित्र मला नेहमी विचारतात. "अहो, थट्टा-मस्करीसुद्धा करायची नाही का?" कायद्याची कसोटी सोपी आहे : ते वर्तन त्या स्त्रीला नकोसे आहे काय? स्पर्श, शारीरिक संबंधाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्र दाखवणे आणि अशा स्वरूपाचे शब्दाने, खुणेने वा कृतीने केलेले कोणतेही नकोसे वर्तन यात येते. हात लागलाच पाहिजे असे नाही; हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच एका निर्यात मंडळाच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितले आहे. बढतीचे आमिष, कामावरून काढण्याची धमकी, किंवा तिला तेथे बसणेच असह्य होईल असे वातावरण निर्माण करणे, हेही त्यात येते. आपल्या बाजारातली भाषा मोकळी आहे हे मला माहीत आहे. पण तीच थट्टा आपण आपल्या सुनेसमोर किंवा मुलीच्या सासऱ्यासमोर करत नाही. तेव्हा कोठे थांबावयाचे हे आपणास कळत नाही असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

आणि 'कामाचे ठिकाण' म्हणजे फक्त चार भिंती नव्हेत. कामानिमित्त जेथे जावे लागते ते प्रत्येक ठिकाण व मालकाने दिलेले वाहनही त्यात येते. घरोघरी जाणाऱ्या आशा सेविकेसाठी ती प्रत्येक ओसरी कामाचे ठिकाण आहे. घरकाम करणाऱ्या बाईसाठी आपले स्वयंपाकघर कामाचे ठिकाण आहे; तिच्या तक्रारीत तथ्य दिसले तर स्थानिक समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावयाची असते. लातूर हे आज शिकवणी वर्गांचे गाव झाले आहे, म्हणून हेही सांगते : पीडित स्त्री त्या ठिकाणची नोकरच असली पाहिजे असे नाही. शिकवणीला येणारी विद्यार्थिनी, दवाखान्यात आलेली रुग्ण, दुकानातील गिऱ्हाईक यांनाही हा कायदा लागू आहे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा लागतो आणि तेथे समिती वगैरे नाही. ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी हे वाक्य लिहून घ्यावे.

एका वर्गाविषयी बोलल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावे, मुकादमाच्या वहीत. कारखान्याच्या दप्तरी त्या स्त्रीचे नाव बहुधा नसतेच. कायद्याने कंत्राटदारामार्फत ठेवलेल्या, किंबहुना मूळ मालकाला माहीत नसलेल्या कामगाराचाही 'कर्मचारी' या शब्दात समावेश केला आहे, म्हणजे ती स्त्री कायद्याच्या छत्राखाली आहे. पण स्थानिक समितीचे कार्यक्षेत्र तिच्या जिल्ह्यापुरते असते. मुखेडच्या किंवा जळकोटच्या बाईला कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात त्रास झाला, तर तक्रार तेथील जिल्ह्यात करावयाची. हंगाम चार-पाच महिन्यांचा. पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या, तेथे कोणाला न ओळखणाऱ्या, मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या बाईने ती तेथे असताना कशी करावी? आणि ती गावी परत येते तोवर तीन महिने संपत आलेले असतात. कायदा करणाऱ्यांनी कचेरीतील स्त्री डोळ्यांपुढे ठेवली होती, फडातील नव्हे, असे माझे मत आहे. तक्रार आपल्या गावच्या समितीकडे देता आली पाहिजे व तिने ती पुढे पाठवली पाहिजे, अशी दुरुस्ती व्हावयास हवी. या सभागृहात साखर कारखान्यांशी संबंध असलेले सभासद आहेत. त्यांनी निदान मुकादमांशी होणाऱ्या करारात याविषयी एक ओळ घातली तरी बरेच होईल.

आता आपली संस्था. कायद्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत जे शब्द आहेत त्यांत 'ट्रस्ट' हा शब्द स्पष्टपणे आहे. धर्मादाय म्हणून सूट नाही. दोन ठिकाणी कामकाज असेल तर दोन्हीकडे समिती हवी. म्हणजे लातूरच्या शाळेची वेगळी व नांदेडच्या दवाखान्याची वेगळी. कार्यवाहांना मी हे विचारले तेव्हा त्यांनी कोणतीही लपवाछपवी न करता सांगितले की शाळेत समिती आहे, पण तिची मुदत तीन वर्षांची असते हे लक्षात राहिले नाही, ती संपून गेली. आणि दवाखान्यात अद्याप समिती नाही. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, दुसऱ्यांदा चूक झाल्यास दुप्पट शिक्षा व परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पण मी दंडाच्या भीतीने बोलत नाही. मला दवाखान्यातील परिचारिकांपैकी एकीने चहाच्या वेळी विचारले, "मॅडम, आमच्या इथे अशी समिती असते का?" तिने तो प्रश्न का विचारला हे मी तिला विचारले नाही. विश्वस्तांनीही विचारू नये. फक्त समिती नेमावी, सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक मराठीत लिहून दर्शनी भागात लावावेत, म्हणजे तिला ते कोणाला न विचारता वाचता येतील. बाहेरच्या सदस्याला प्रत्येक दिवसाचा भत्ता नियमांनी दोनशे रुपये ठरवला आहे. तेव्हा संस्थेच्या अंदाजपत्रकावर फार भार पडेल असे वाटत नाही.

"मग आम्ही बायकांना कामावरच ठेवणार नाही," असे एका ओळखीच्या व्यापाऱ्याने मला ऐकवले होते. मी त्यांना म्हटले, "काका, तुमच्या दुकानात तिजोरीला कुलूप आहे. कुलूप आहे म्हणून तुम्ही नोकर ठेवायचे बंद केले का?" ते हसले. पण त्यांनी त्या वर्षी जाहिरातीत 'मुली चालतील' हे शब्द काढून टाकले, हेही सांगितले पाहिजे.

वेळ संपत आली आहे. दोन भगिनींनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत, त्यांची उत्तरे देते व थांबते.

पहिली चिठ्ठी : तक्रार सिद्ध झाली नाही तर उलट कारवाई होते का? नाही. तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरावा कमी पडला एवढ्यानेच कारवाई होत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. तक्रार जाणूनबुजून द्वेषाने खोटी केली, हे स्वतंत्र चौकशीत सिद्ध झाले तरच कारवाई होते. चौकशी चालू असताना आपली किंवा समोरच्याची बदली मागता येते, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. समेट आपण मागितला तरच होतो आणि पैशाच्या बोलीवर तो करता येत नाही. कोणी तसा प्रस्ताव आणला तर तो नाकारण्याचा आपणास अधिकार आहे.

दुसरी चिठ्ठी नांदेडची आहे : अर्ज कसा लिहावा? मराठीत, आपल्या शब्दांत. सहा प्रती काढाव्यात, साक्षीदारांची नावे व पत्ते द्यावेत, भ्रमणध्वनीवर आलेले निरोप पुसू नयेत, आणि एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवावी. लिहिता येत नसेल तर समितीच्या सदस्यांनी लिहून देण्यास मदत करावी, हे त्यांचे कर्तव्य आहे. तारीख नेमकी आठवत नसेल तर घाबरू नये. त्या दिवशी आठवडी बाजार होता का, पगार झाला होता का, संवत्सरी होती का, ते लिहावे. तारीख त्यावरून काढता येते.